अंगठा मॅडम

अंगठा मॅडम कोणाला हात म्हणून देत नसत. बांगडीवाली आली तरी तिच्याकडून बांगड्या मागून घ्यायच्या आणि स्वतःच भरायच्या. आंबिवलीच्या आमच्या चाळीत बायका एकमेकींचा हात धरूनच बोलतात, त्यामुळे हे लगेच डोळ्यांवर यायचं. मला वाटायचं, बाई शिष्ट आहे.

दर रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली की विहाराच्या हॉलमध्ये त्या आम्हा मुलींना कराटे शिकवायच्या. कराटे कसलं! वर्षभर एकच: कोणी मनगट धरलं तर सुटायचं कसं. "चार बोटं एकीकडे, अंगठा एकटा. तो एकटा आहे तिथून निघायचं. कोपर त्याच्याकडे, मूठ आपल्या खांद्याकडे." हे इतक्यांदा ऐकलं की आम्ही त्यांचं नावच अंगठा मॅडम ठेवलं. लाथ कधी शिकवणार, म्हणून मी एकदा कुरकुरले. "अगं, आधी हात तर सोडवून दाखव," त्या म्हणाल्या.

कुठे राहता विचारलं तर "ठाण्याकडे", एवढंच सांगायच्या. शिकवताना दाराकडे पाठ कधी करत नसत. आई म्हणायची, "त्या बाईच्या मागे काहीतरी लागलंय." मी आईलाच गप्प बसवलं. तेव्हा मला सगळं कळत होतं ना!

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. दुखलं की मांडीवर दोनदा थाप मारायची, आणि थाप ऐकली की धरणारीने लगेच सोडायचं. एकदा माझी मैत्रीण कळवळून थाप मारत होती, तर मी तिला सोडवायला धावले. मॅडम माझ्यावर अशा कडाडल्या की बस. "जोडीच्या मध्ये कोणी पडायचं नाही. ओढाताणीत तिचं मनगट मोडेल. थाप मारली ना तिने? मग धरणारी सोडेल." मी मुकाट रांगेत परत आले. त्यानंतर कोणीही जागची हलली नाही.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी एक माणूस हॉलमध्ये आला. चप्पल बाहेर काढली, मूर्तीला हात जोडले. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. "मी यांचा मिस्टर. चालू द्या तुमचं," आम्हाला म्हणाला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सावकाश जाऊन त्यांचं मनगट धरलं. "चल घरी. खूप झालं."

आम्ही अकरा जणी रांगेत उभ्या होतो. खरं सांगते, मला मजा वाटत होती. म्हटलं, आता बघा कशा सुटतात. मॅडमनी कोपर वळवलंच नाही. मोकळ्या हाताने मांडीवर दोनदा थाप मारली, आणि आम्ही सगळ्या त्या माणसाच्या हाताकडे बघत राहिलो, आता सोडेल म्हणून. त्याला काय माहीत थापेचा अर्थ? माहीत होता तो आम्हाला. त्यांनी आमच्याकडे बघत पुन्हा दोनदा थाप मारली. कोणी हललं नाही. दाराबाहेर त्याने स्वतःची चप्पल नीट पायात घातली. मॅडम अनवाणी गेल्या.

"अकरा जणी होतात ना गं?" आई एवढंच म्हणाली. पोलिसांकडेही गेलो, पण पत्ता काय सांगणार? फोन तर त्या दिवसापासून बंदच होता.

दोन वर्षांनी ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोत त्या दिसल्या. भर दुपारी, बाकावर, शेजारी तोच. खूप वाळलेल्या. मी धावत गेले. "मॅडम?" त्यानेच मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही ओळखता का हिला?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. आजूबाजूला शंभर माणसं होती, खाकीतला एक हवालदार दहा पावलांवर चहा पीत होता.

"नाही," मी म्हणाले, "दुसऱ्या कोणी वाटल्या." आणि गाडीत जाऊन बसले.

विचारेल त्याला मी सांगते, मॅडमना मागाहून त्रास नको म्हणून नाही म्हणाले. थापा आहेत त्या सगळ्या. मी घाबरले होते.