सोचोनवालीचं निळं छप्पर

बामगोलच्या वरच्या आळीत कुणालाही विचारा, तो सांगेल की सोचोनवाली आजीच्या छपराला पहिला खिळा खुद्द राष्ट्रपतींनी ठोकला होता, म्हणून पन्नास वर्षं होत आली तरी ती ते उतरवत नाही. खालच्या आळीत विचारलंत तर म्हणतील, तिने नवऱ्याच्या फोटोपुढे शपथ घेतलीय, सरकार माफी मागेपर्यंत पत्रा हलणार नाही.

दोन्ही थापा. राष्ट्रपती आमच्या गावात कधी आलेच नाहीत. खिळा ठोकला तो तालुक्याच्या ऑफिसातल्या एका कारकुनाने, फोटो काढण्यापुरता, आणि तोही वाकडा गेला. शपथेचं म्हणाल, तर आजी त्या फोटोपुढे एवढंच बोलते, "आज परत तुमच्या डोक्यावर गळतंय. सरका जरा." आणि फोटो वीतभर बाजूला टांगते.

तिचं नाव योम ओकबुन. सोचोनहून लग्न होऊन आली म्हणून सोचोनवाली. वय चौऱ्याहत्तर, पण गावाच्या लेखी अजून बाहेरून आलेली सून.

छपराची खरी हकिगत अशी. गवती छपरं उतरवून सिमेंटचे पत्रे घाला, असा तेव्हाच्या राष्ट्रपतींचा हुकूम गावोगाव निघाला होता. आजीच्या नवऱ्याने, प्यो मानसोकने, नेमकं त्याच महिन्यात घर नव्या पेंढ्याने शाकारलेलं. ऑफिसची माणसं लोखंडी आकडे घेऊन आली, तासाभरात सगळा पेंढा अंगणात. पत्रे चढले, वर झगझगीत निळा रंग लागला. पुढच्या पावसात पत्रे रात्रभर दणदणले आणि मानसोक आजोबा गुत्त्यात बसून म्हणाले, "राष्ट्रपतींनी मला राहायला ढोल दिलाय, आणि वर बसून तेच वाजवतायत." सगळे पोट धरून हसले. हसणाऱ्यांपैकी एकजण उठून पोलीस चौकीवर गेला. आजोबा आठ महिने आत.

सुटून आल्यावर छपराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. दर तीन वर्षांनी मात्र स्वतः वर चढून निळा रंग द्यायचे, मरेपर्यंत. का, म्हणून मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "रंग उरला असेल."

हे आमच्या भागाचं वळण. 'जेवणार का' विचारलं तर 'कशाला उगीच' म्हणायचं आणि तीन वाट्या भात खायचा. हो किंवा नाही असं तोंडावर बोलणारा माणूस बहुतेक बस चुकून इथे उतरलेला असतो.

याला अपवाद दोन. ग्वाक आजोबा आणि सोक गुरुजी. दोघं रोज दुपारी आजीच्या अंगणातल्या लाकडी चौकीवर बसतात, तिचे उकडलेले मके खातात आणि राष्ट्रपतींवरून भांडतात. ग्वाक आजोबांचा आवाज काढायचा तर आधी खाकरायचं, मग 'देश' या शब्दावर पाय आपटायचा. गुरुजी सोपे आहेत. 'असं बघा' म्हणायचं आणि चष्मा पुसून होईपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवायचं.

"झाडाच्या साली खायचो आपण, आठवतं का गुरुजी? देशाला जेवायला कुणी घातलं? रस्ता कुणी केला?"

"असं बघा." चष्मा. "सिमेंट त्यांनी पाठवलं, ग्वाक. वाहिलं आपण. आणि तोंड उघडलं की आत."

"तुमचं तोंड तर तेव्हा बंदच होतं."

"म्हणून तर आता उघडलंय."

"मका संपलाय," आजी मिरच्या उलथ्यापालथ्या करत म्हणायची. म्हणजे निघा.

यंदा उन्हाळ्यात तालुक्याहून पत्रक आलं. जुने सिमेंटचे पत्रे छातीला घातक, सरकार काढून नेईल, नवं छप्परही घालून देईल. आजीने त्याच दिवशी अर्ज टाकला. तिला घाई होती. इन्चोनहून तिची लेक ग्योंगमी फोनवर ओरडत होती, ते मला आमच्या ओट्यावरून ऐकू यायचं. "आई, हिवाळ्यात परत गळलं तर मी तुला उचलून आणणार. चौदाव्या मजल्यावर. मग बसू नकोस रडत."

"मिरच्या कुठे वाळवू तिथं?"

"मिरच्या विकत मिळतात, आई."

आजीने फोन ठेवून दिला आणि मिरच्या उन्हात सरकवल्या.

आणि अर्ज अडकला. कारण अजून दोन अर्ज पोचले होते. ग्वाक आजोबांनी लिहिलं होतं, जिल्ह्यातलं हे शेवटचं निळं छप्पर, प्रगतीची खूण म्हणून जतन करावं. गुरुजींनी लिहिलं होतं, हेच छप्पर दडपशाहीचा पुरावा म्हणून जतन करावं. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. ऑफिसने हात वर केले. गावसभेत ठरवा म्हणाले.

सभेला सगळं गाव. ग्वाक आजोबांनी सहा वेळा पाय आपटला. गुरुजींनी चष्मा इतका पुसला की काच झिजली असती. एकाला तिथे पाटी हवी होती, दुसऱ्यालाही पाटी हवी होती, फक्त मजकूर वेगळा. मग सरपंचांनी आजीला विचारलं, तुमचं काय म्हणणं?

आजी सावकाश उठली. "माझं काय असणार," म्हणाली. "ग्वाक भाऊजी, तुमच्या घरावर काय आहे हो?"

"नवे पत्रे," ग्वाक आजोबा म्हणाले. "मधे जाड थर असलेले."

"गुरुजी, तुमच्या?"

"स्लॅब आहे, वहिनी."

"म्हणजे तुम्हा दोघांना कोरडं झोपायला मिळतं. आणि देशाची आठवण तेवढी माझ्या डोक्यावर गळणार."

कुणीतरी खुदकन हसलं. ती बहुतेक मीच होते.

"रस्ता चांगला झाला, भाऊजी. मी त्याच्यावरूनच दवाखान्यात जाते. त्याच्यासाठी मातीच्या टोपल्या मी वाहिल्यात, पोट पुढे आलेलं असताना. पण ह्यांना न्यायला जीप आली तीही त्याच रस्त्याने. रस्ता नसता तर पोलिसांना चालत यावं लागलं असतं, आणि आमचे हे पळायला पटाईत होते." ती खाली बसली. "तुम्ही भांडा. मका देईन. पण छप्पर मी काढणार."

आजीच्या बाजूने हात वर झाले. शेवटचे दोन हात कुणाचे ते सांगायला नको. पण तेही झाले.

पत्रे काढायला माणसं आली ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडाला नळीवाले मुखवटे. आजी बघत राहिली. "याच्याच तुकड्यावर आम्ही डुकराचं मांस भाजायचो," ती मला म्हणाली. "चरबी छान निथळायची." ग्वाक आजोबांनी आठवण म्हणून एक तुकडा मागितला, गुरुजींनी पुरावा म्हणून. दोघांनाही कुंपणाबाहेर हाकललं. पत्रे दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून ट्रक गेला, त्याच रस्त्याने. पाठोपाठ नवं, मधे जाड थराचं छप्पर चढलं.

मला वाटत होतं, आजी आत कुठेतरी हलली असणार. पन्नास वर्षं तो ढोल ऐकला, नवऱ्याने रंगवला, तिला त्याची सवय नसेल झाली? मी म्हटलं, "आजी, आता पाऊस आला की तुला आवाजाशिवाय झोपच येणार नाही."

"येईल की."

"पैज. जागी राहिलीस तर मला सरळ सांगायचं. राष्ट्रपती चांगले की वाईट. एका शब्दात, आपल्या गावासारखं आडून नाही."

"आणि झोपले तर?"

"तू सांगशील ते."

"किमचीच्या लोणच्याचे कोबी. साठ. तू चिरायचे, तू मीठ लावायचं, तू धुवायचे."

दहा दिवसांनी पाऊस आला, चांगला धो धो. सकाळी शाळेला जाताना मी तिच्याकडे वळले. साडेपाचला मिरचीच्या वाफ्यात असणारी बाई सव्वासातला तोंड उघडं टाकून घोरत होती. घोरणं आधी चढतं, वर एक उचकी लागते, मग शिट्टी वाजवत खाली येतं. मी उंबऱ्यातच बसून ते पाठ करत होते, तेवढ्यात तिने एक डोळा उघडला.

"पाऊस झाला होय?" म्हणाली, आणि कूस बदलली.

कोबी साठ म्हणाली होती. मोजले तेव्हा बहात्तर निघाले.