ताईचा नवा पत्ता

तुमच्या ओळखपत्राचा फोटो या घडीला कोणाकोणाच्या फोनमध्ये पडलेला आहे, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल?

मला हा प्रश्न पडला तो ताईमुळे. नवऱ्याचं घर सोडल्यावर ती काही महिने आमच्याकडे तात्यापाऱ्यात राहिली. मग तिनं शहरातच तेलीबांध्याला, ऑफिसच्या जवळ, एक खोली पाहिली. तिची अट एकच होती, नवा पत्ता त्या माणसाला कळता कामा नये. आमच्या दारात येऊन तो तमाशा करून गेलाच होता.

बाबांना ही अट पटत नव्हती. बाबा रेल्वेच्या युनियनमधले. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली, मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. पत्रकाच्या तळाशी नाव-पत्ता छापलाच पाहिजे, हा बाबांचा धर्म. बिनपत्त्याचं पत्रक म्हणजे अफवा, असं ते सांगत.

"आपण काय चोरी केली काय? काहून लपून राहिली तू?" ते ताईला म्हणाले.

"मी लपून नाही राहिली बाबा. दार लावून राहिली," ताई म्हणाली.

त्या दिवशी मला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. मी बाबांच्याच तालमीतली. पण सरकारला जाब विचारणाऱ्यानं नाव सांगावं आणि एकट्या बाईनं पत्ता वाटत फिरावं, या दोन गोष्टी एकच कशा?

खोली दाखवणाऱ्या दलालानं ओळख पडताळणीची लिंक पाठवली. आधारच्या दोन्ही बाजू, मग कार्ड हनुवटीखाली धरून सेल्फी. ताईनं कार्ड धरलं तेव्हा ती तुरुंगाच्या नोंदीसाठी फोटोला उभी असल्यासारखी दिसली. आम्ही हसलो. पुढच्या पानावर फोनमधले सगळे नंबर पाहायची परवानगी मागितली होती. माझं हसू थांबलं. चेहरा आणि कार्ड जुळवायला आमच्या मावशीचा नंबर कशाला लागतो? मी ताईला थांबवलं आणि दोघी दलालाकडे गेलो.

"दीदी, लिंक छोड़ो," तो म्हणाला. "मेरे को व्हॉट्सअ‍ॅप कर दो, मैं डाल देता हूँ."

"कहाँ डालते हो?"

"ग्रुप में. सब ब्रोकर भाई हैं, अपने ही लोग. किसी को दिखाते थोड़ी हैं."

मी बघायला मागितलं. त्यानं बिनधास्त फोन पुढे केला. बोटानं वर सरकवत गेले तसे चेहरे येत गेले. नर्सिंगच्या पोरी, नुकतं लग्न झालेली जोडपी, एक म्हातारे गृहस्थ, सगळ्यांच्या हनुवटीखाली कार्ड आणि प्रत्येकाखाली इमारतीचं नाव, मजला, खोली. ताईनं ग्रुपमधल्या माणसांची यादी उघडली. एका फोटोवर तिचं बोट थांबलं. तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ होता, जमिनीचे सौदे करणारा.

तिनं फोन परत दिला.

आम्ही घरमालकिणीचा नंबर मागितला. दलाल कुरकुरला. तुझी दलाली कुठे जात नाही, असं सांगितल्यावर त्यानं नंबर दिला. घरी येऊन मी आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढली. ती मिळते हे मला त्याच दुपारी शोधताना कळलं. ताईनं त्यावर आडवं लिहिलं, 'फक्त भाडेकरू नोंदणीसाठी', खाली तारीख आणि सही.

मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. ताईनं मूळ कार्ड हातात धरून दाखवायची तयारी सांगितली तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं. "हव, दिखा दे. फोन म तो मोला कुछु दिखय नहीं," त्या इथल्या बोलीत म्हणाल्या; फोनवरचं त्यांना दिसतच नसे. कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, पोलीस ठाण्यात द्यायला ती झाकलेली प्रत ठेवून घेतली. ओळख पटली. ग्रुपमध्ये काहीच गेलं नाही. खोली ताईला मिळाली.

संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिशातला फोन काढून त्यातले फोटो चाळले. बाबा आमच्या मराठी मंडळाचे सचिव आहेत. मंडळाच्या सहलीचं बुकिंग त्यांनीच केलं होतं, तेव्हा सगळ्यांनी त्यांना कार्डं पाठवली होती. ती अजून तिथेच होती, लग्नाच्या आणि नातवंडांच्या फोटोंमध्ये मिसळलेली.

"मी काय कोणाले दाखवून राहिलो काय?" ते म्हणाले.

"दलालही हेच म्हणाला, बाबा," ताई म्हणाली.

बाबा चिडले नाहीत. "मग कसं काढायचं ते सांग मले," एवढंच म्हणाले. गॅलरीतून काढलेलं चॅटमध्ये उरतं, चॅटमधून काढलेलं पुसलेल्या फोटोंच्या कप्प्यात उरतं. प्रत्येक कप्पा उघडताना ते विचारत, "इथंबी हाय?" शेवटी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की कार्डं मी पुसली आहेत, आणि खाली आपलं नाव घातलं.

तुमचं कार्ड कोणी मागितलं तर कशाला हवं आणि कधी पुसणार, हे विचाराच. पण आधी तुमचा स्वतःचा फोन उघडा. त्यात दुसऱ्या कोणाचं कार्ड असेल, भाडेकरूचं, कामवाल्या बाईचं, सहलीतल्या सोबत्याचं, आणि काम होऊन गेलं असेल, तर ते आज पुसा आणि त्या माणसाला तसं कळवा.