रिकामा स्टूल, भाड्याच्या खुर्च्या आणि एक गादी

हंगामात आमच्या अकोल्याच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जातात, तेव्हा कडेच्या बाभळींना कापूस अडकून राहतो. कोणी लावत नाही, कोणी काढत नाही. काम शोधत फिरणाऱ्या माणसाला किस्से असेच अडकतात. मी बराच फिरलो, त्यामुळे माझी बाभूळ पार पांढरी झाली.

बसस्टँडच्या मागे शांताकाकूची चहाची टपरी आहे. तिथं सकाळी आम्ही तिघं जमायचो. सलीम माझ्या वर्गातला. मी नववीत शाळा सोडली, त्यानं दहावीत. विशालदादा आमच्याहून मोठा, बी.ए. झालेला, सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारा. काकूचा एक रिवाज होता. ग्लास हातात देताना ती विचारायची, "आज कुठं हायेस कामावर?" मग ज्यानं त्यानं मनाला येईल ती नोकरी सांगायची.

सलीम रेल्वेत गार्ड व्हायचा आणि हिरवी झेंडी दाखवत चहा संपेस्तोवर भुसावळला जाऊन यायचा. विशालदादा कायम तहसीलदार. त्यानं स्वप्नातसुद्धा कधी बदली घेतली नाही. माझी पाळी आली की मी चहात पाहत बसायचो. चार माणसांत माझा शब्दच फुटत नाही.

"याची आज बी सुट्टी," काकू म्हणायची.

घरी मात्र सुट्टी नव्हती. पुण्याकडं कारखान्यात माझे भाऊजी आहेत. दिवाळीनंतर ये, लावून देतो, असा त्यांचा निरोप होता. मायनं ठरवलं, दिवाळीपर्यंत इथं काही लागलं तर ठीक, नाही तर जायचं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. "मी राहीन एकटी, मले काय होते?" ती म्हणायची. पण ते म्हणताना माझ्याकडं पाहायची नाही.

*

पहिलं काम सलीमला लागलं. तो दुकानात शिरल्या शिरल्या काम मागत नसे, आधी बघत उभा राहायचा. एकदा मला सोबत घेऊन तो एका हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"जागा नाई," सेठ मान वर न करता म्हणाले.

"तो फिर ये स्टूल किसका है?" सलीमनं विचारलं. काउंटरमागं एक स्टूल रिकामा होता, वर धूळ बसलेली.

"माह्या पोराचा. तो पुण्याले गेला."

सलीमनं खिशातून रुमाल काढला, स्टूल पुसला आणि बसला. "वो आएगा तो उठ जाऊंगा."

सेठनी आता मान वर केली. मग म्हणाले, "ते खिळ्याचे डबे घे खाली."

पोरगा अजून पुण्यातच आहे. परतताना मी मात्र आमच्या घरातल्या रिकाम्या जागेचा विचार करत होतो, जी अजून रिकामी झाली नव्हती.

*

विशालदादाचं म्हणणं, मला कामाची नाही, मुलाखतीची भीती आहे. म्हणून त्यानं टपरीमागच्या निंबाखाली सराव घ्यायचं ठरवलं. तो साहेब झाला, दगडावर बसला. मी समोर उभा.

"स्वतःबद्दल सांगा."

निंबाच्या काड्या पडत होत्या. एक काडी दादाच्या केसांत अडकली. ती काढावी की नाही, याचा मी विचार करत राहिलो. वर एक होला घुमत होता. स्वतःबद्दल काय सांगायचं असतं, हे मला खरंच सापडेना.

शेवटी दादा कंटाळून म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

मी नमस्कार केला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तो चिडलेला. "अबे, काल गेला काहून तू?"

"मले वाटलं, नाई जमलं."

"हे पाह्य," तो म्हणाला, "मी तहसीलदार झालो का पयले तुले घेतो. दुसरीकडं तुले कोणी घेतच नाई."

*

मग अमरावती. खांबावर कागद चिकटवलेला होता, 'शिक्षणाची अट नाही, थेट भरती'. शिक्षणाची अट नाही म्हटलं की मला तो कागद ओळखीचा वाटायचा. एसटीत खिडकीशी बसून मी बडनेऱ्यापर्यंत त्या कंपनीत बढतीसुद्धा घेतली.

एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यांवर पोरंच पोरं. टायवाले साहेब म्हणाले, आधी अनामत भरा, मग मुलाखत. माझ्या बाजूच्या पोरानं विचारलं, "कंपनी काय बनवते?" साहेब म्हणाले, "भविष्य."

तेवढ्यात खालून मांडववाला आला. त्याला संध्याकाळी बारशाचा कार्यक्रम होता. "सायेब, खुर्च्याचा टाइम संपला," असं म्हणून तो मागच्या रांगेपासून खुर्च्या उचलू लागला. पोरं एकेक करून उभी राहिली. उभी राहिल्यावर त्यांना हॉल नीट दिसला: भिंतीवर पाटी नाही, कपाट नाही, टेबलसुद्धा मांडववाल्याचंच. मग सगळी जिन्यानं उतरली.

मी राहिलो, कारण मांडववाला एकटाच होता आणि खुर्च्या पुष्कळ. मी त्या खाली नेऊ लागलो. शेवटी तो म्हणाला, "संध्याकाळी बारशाले लागशीन का? जेवण बी हाये."

त्या मुलाखतीतून कामाला लागलेला मी एकटाच. एका संध्याकाळपुरता. बाळाचं नाव ठेवताना मी मागं खुर्च्यांच्या थप्पीशी उभा होतो आणि वाटत होतं, कोणी आपल्याही कानात येऊन सांगावं, तू अमुक.

*

काकूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "खांबावरच्या कागदाच्या मांगं काहून पयतं बाप्पा? कागदावर येते तोवर जागा भरलेली रायते. जागा आधी चहात येते."

तिच्याकडं हमाल येतात, ड्रायव्हर येतात, दुकानातली पोरं येतात. कोण काम सोडून चाललं, कोणाचं मालकाशी बिनसलं, हे तिला ग्लास विसळता विसळता कळतं. त्या दिवसापासून ती चहासोबत माझी गोष्टही देऊ लागली. "पोट्टा चांगला हाये, बोलत नाई फक्त. पाहा कुठं."

परिणाम असा झाला की मला रस्त्यानं चालता येईना. ऑटोवाले विचारायचे, "लागलं का?" एकदा बाळापूरच्या एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडताना माझ्याकडं निरखून पाहिलं.

"काकूचा न बोलणारा तो तूच का?"

मी मान हलवली.

"लागलं का?"

मी मान हलवली.

मागून एक म्हातारी आजी म्हणाली, "लागीन रे बाबू. सगळी गाडी पाहून राहिली तुह्यासाठी."

*

दिवाळी तोंडावर आली. मायनं माझी बॅग माळ्यावरून काढून उन्हात ठेवली. रात्री झोप लागेनाशी झाली. तेव्हा काकू म्हणाली, "गादीवाल्या करीमचाचाचा माणूस आपल्या गावी गेला, वापस येत नाई म्हणते. दुपारी जा."

दुकान लांबट आणि अंधारं. मागं पिंजायची मशीन चालू होती. छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत येत होती आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते, खालीही पडत नव्हते, वरही जात नव्हते. चाचांच्या दाढीतही कापूस होता. दाढी कुठं संपते आणि कापूस कुठं सुरू होतो, कळत नव्हतं.

"काकूनं पाठवलं?" त्यांनी विचारलं. "काय काय येते तुले?"

मी उन्हाकडं पाहत राहिलो.

चाचा नवीन भरलेल्या एका गादीवर थाप मारून म्हणाले, "बरं, हे पाह्य. अकोटचं गिऱ्हाईक येऊन राहिलं, पोरीच्या लग्नाले गादी पाहिजे त्यायले. लेटून पाह्य अन् सांग, कुठं गोळा लागते का."

मी चपला काढल्या आणि आडवा झालो. कापूस उन्हात वाळवलेला होता, अजून कोमट. पाठीला गोळा शोधत होतो. मशीनचा आवाज दूर दूर जाऊ लागला, जशी सलीमची गाडी भुसावळकडं जायची. मायनं उन्हात ठेवलेली बॅग दिसली. तिचं तोंड उघडं होतं आणि आतून कापूस उडत होता.

मग मशीन बंद झाल्याचं जाणवलं. जवळच कोणी हळू आवाजात बोलत होतं. बाईमाणूस होतं.

"उठवू नका जी त्याले. किती गाढ लागली. आमाले हेच गादी द्या."

"घ्या ना, ताई," चाचा कुजबुजले. "पर थोडं बसा. चहा सांगतो."

एक पुरुष हसला. "मालक, भर दुपारी तुमचा माणूस झोपला हाये दुकानात."

"नाई जी," चाचा म्हणाले. "कामावर हाये तो."

मी डोळे उघडले नाहीत.