चेहऱ्यांखाली गेलेली तारीख

माणसाला स्वतःचं तोंड किती आवडावं, याला काही धरबंध? हे मी रागाने लिहिते आहे. राग ओसरल्यावर लिहावं म्हणून थांबले होते, पण तो ओसरेना.

बोईसरला मी पत्रिका, दुकानांच्या पाट्या, बॅनर यांची डिझाइनं करते. राहते सालवडला. आमच्या इमारतीमागे चाळ आहे. तिथे जव्हारकडून आलेली एक बाई राहते, कारखान्यात पॅकिंगला जाते. तिच्या गल्लीला नळ नाही. त्यासाठी गल्लीतल्या बायका एका पुढाऱ्याकडे गेल्या, तर त्याने तोंडावर विचारलं, "तुमची नावं तरी आहेत का इथल्या यादीत?" तेव्हापासून तिने ध्यास घेतला. निवडणुकीआधी मतदारयादीत नाव लागलंच पाहिजे.

"नाव नाय तर आमाला कोन इचारतो, ताई?"

मी मोबाइलवर तिचा अर्ज भरायला बसले, पण घरमालक राहत्या जागेचा कागद देईना. गावातल्या शाळेत मतदार नोंदणीचं शिबिर होणार होतं. तिथे अर्ज दिला की कागद नसला तरी कर्मचारी मागाहून स्वतः चाळीत येऊन खात्री करणार होते. म्हणजे तिच्यासाठी शिबिराचा दिवस गाठणं एवढाच मार्ग होता. त्या शिबिराची जाहिरात गावातली एक समिती करणार होती, आणि बॅनरचं काम माझ्याकडे आलं. मी तिला म्हटलं, नाक्यावर बॅनर लागला की तारीख दिसेलच.

"मला अक्षरं जमत नाय. आकडा वलखते मी. मोटा काढा."

तो आकडा मी जीव लावून काढला. डोळ्याची एक रीत असते. चित्रात माणसाचं तोंड असलं की नजर आधी तिथे जाते, मग ते तोंड जिकडे बघतंय तिकडे. म्हणून मी एकच बाई काढली, बोटाला शाई लावलेली, आणि तिची नजर तारखेच्या जागेकडे वळवली. तारीख अजून ठरली नव्हती, म्हणून तात्पुरता एक आकडा टाकला. त्याच्याभोवती काहीही ठेवलं नाही. कपाळ मोकळं असलं तरच टिकली दिसते. आकड्याला चिकटून शाळेचं चित्र, म्हणजे कधी आणि कुठे हे एका दमात कळावं. गडद निळ्यावर पांढरं, कारण कंपन्यांच्या बसमधून नाका दिसतो तो क्षणभरच. नमुना छापून समोरच्या मेडिकलच्या शटरवर लावला आणि रस्त्यापलीकडे तिला उभं केलं. तिने लांबूनच आकडा सांगितला. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या हसलो.

मग समितीची बैठक झाली.

"छान आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण आमचे फोटो कुठे आहेत?"

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, मार्गदर्शक, आणि खाली सौजन्य म्हणून बिल्डर. उपाध्यक्षांचा फोटो अध्यक्षांपेक्षा लहान का, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. खजिनदारांनी पाठवलेला फोटो केळव्याच्या किनाऱ्यावरचा, काळा गॉगल लावलेला. मला म्हणाले, "गॉगल काढून डोळे बसवा." मतदारांच्या डोळ्यांचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात नव्हता.

मी समजावलं. एवढी तोंडं एकदम समोर आली की नजर त्यांच्यातच फिरत राहते, तारखेपर्यंत पोचत नाही. शिवाय रांगेने फोटो दिसले की आपल्याकडे लोक बघतही नाहीत. कुणाचा तरी वाढदिवस असणार म्हणून पुढे जातात.

"नजर तोंडाकडे जाते म्हणता ना?" अध्यक्ष हसले. "मग तेच तर पाहिजे!"

मी नकार दिला. त्यांनी दुसऱ्या प्रेसला काम दिलं. त्याच सुमारास बहिणीच्या बाळंतपणासाठी मी नाशिकला गेले, आणि घाईत तिला हे सांगायचं राहून गेलं. तारीख ठरली, पण मला कळवायचं समितीला काही कारण नव्हतं.

परत आले तेव्हा नाक्यावर बॅनर झळकत होता. वर रांगेने तोंडं, हार, कमळाच्या पाकळ्या, सोनेरी अक्षरांत "जागरूक मतदार, बलशाली लोकशाही". माझी बाई नव्हतीच. तारीख सगळ्यात खाली, प्रेसच्या नावाशेजारी, विटकरी पट्टीवर लाल अक्षरांत. शिबिर आदल्याच दिवशी झालं होतं. रिक्षावाल्याला विचारलं, हा कसला बॅनर? तो मान वर न करता म्हणाला, "किसी का बर्थडे होगा, मॅडम."

मी धावत चाळीत गेले. ती पाणी भरून येत होती, डोक्यावर हंडा.

"ताई, आल्यात? तुमचा बॅनर कदी लागनार?"

मी तिला सांगितलं, नाक्यावरचा तो बॅनरच शिबिराचा होता, आणि शिबिर काल होऊन गेलं. तिने हंडा खाली ठेवला. "तो? त्याच्याच खाली तर गाडीची वाट बघते मी रोज. कुनाचा वाडदिवस हाय, असं वाटलं."

मी तिला मतदार नोंदणीच्या कार्यालयात घेऊन गेले. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, आणि सांगितलं की नाव लागेल, पण या निवडणुकीनंतर. शिबिराच्या दिवशीच या निवडणुकीची यादी बंद झाली होती. समितीच्या अध्यक्षांना मी फोन करून नको नको ते बोलले. ते म्हणाले, "प्रतिसाद उत्तम होता." महिन्याभरात नाक्यावर नवा बॅनर आला, मोहीम यशस्वी केल्याबद्दल आभाराचा. तोंडं तीच.

निवडणूक झाली. गल्लीला नळ आला नाही. आता ती नाक्यावर एकही बॅनर सोडत नाही. परवा मला हाताला धरून एका बॅनरखाली उभं केलं. वर कुणीतरी तरुण नेता, हात जोडलेला, बाजूला शुभेच्छुकांची गर्दी.

"ह्यात काय हाय, ताई?"

"वाढदिवस आहे."

"नक्की?"

मला नक्की म्हणता येईना. मी टाचा उंचावून अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि मगच मान हलवली.