गरम पाण्याचा इतिहास

काकांच्या आयुष्यभराच्या कामाचा निकाल सगळ्या जगाच्या आधी मी जाहीर केला, आणि तोही चुकीचा. काका म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. शांघायच्या गल्ल्यांमध्ये पूर्वी गरम पाणी विकणारी दुकानं असत, त्यांचा इतिहास ते गेली पस्तीस वर्षं लिहीत होते. एका रविवारी फोन चाळताना मला नव्या इंग्रजी पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसलं. चिनी गल्ली, मोठी भट्टी, थर्मास घेऊन उभ्या बायका. या विषयाचं वेड जगात दुसऱ्या कुणाला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चष्मा शोधायचे कष्ट न घेता मी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, ‘काका, अखेर! अभिनंदन.’ तासाभरात हारतुऱ्यांचा खच पडला. एका आत्याबाईंनी पेढ्यांचा फोटोही टाकला. मग बायकोने चष्मा लावून लेखकाचं नाव वाचलं. ती परदेशातली कुणी बाई होती.

गरम पाण्याला इतकं गंभीरपणे घेणारा माणूस मुलुंडमध्ये झाला नाही आणि होणारही नाही. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून काका वर्षभर शांघायला राहिले होते. तिथे एका गल्लीच्या तोंडाशी एका म्हातारीचं दुकान होतं. घरोघरी चूल पेटवणं परवडत नसे, म्हणून अख्खी गल्ली तिच्याकडून थर्मास भरून नेई, आणि काका सकाळपासून तिथे बसून लोकांचं बोलणं वहीत उतरवत. “राजवाड्यात नुसते राजे सापडतात,” ते म्हणत, “शहर सापडतं ते रांगेत.” परत आल्यावर कॉलेजात इतिहास शिकवताना त्यांच्या वाट्याला अभ्यासक्रमातल्या क्रांत्या आल्या. चीन वर्षातून दोन तास येई, आणि त्या दिवशी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून जात. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, हे परीक्षेला येतं का?” काका म्हणाले, “नाही येत. म्हणूनच नीट ऐक.” आमच्या गोरेगावच्या घराच्या वास्तुशांतीला सगळे बाल्कनीतून काय दिसतं ते बघत होते, तर काका खाली वॉचमनजवळ बसून गावाकडे अंघोळीचं पाणी कोण तापवतं, आधी कोण नाहतं आणि शेवटी कोमट पाणी कुणाच्या वाट्याला येतं, ते विचारत होते. “सुनेच्या,” वॉचमन म्हणाला, आणि काकांनी त्यावर तीन पानं लिहिली. जेवणाची तिसरी पंगत उठली तरी त्यांचा पत्ता नव्हता. त्यांच्या सोसायटीत पाणी गेलं आणि टँकर आला तेव्हा बिल्डिंग बादल्या घेऊन धावली, काका वही घेऊन. वरून मावशी ओरडली, “अहो, आधी बादली भरा, मग इतिहास.”

पुस्तक मात्र पुरं होईना. त्या म्हातारीला आणखी चार गोष्टी विचारायच्या राहिल्या होत्या, आणि न विचारता छापणं त्यांना खोटं वाटे. पुन्हा जायचं नक्की ठरलं त्या वर्षी मावशीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नऊ वर्षं काका मुलुंडबाहेर पडले नाहीत. मावशी गेल्यावर त्यांनी चौकशी केली, तर तोवर म्हातारीही नव्हती, दुकानही नव्हतं आणि गल्लीही नव्हती.

माझ्या पराक्रमानंतर पंधरा दिवस मी तोंड लपवून होतो. मग त्यांचाच फोन आला, “जावईबापू, एक खोकं उचलायला या.”

दार उघडलं तेव्हा ते पुस्तक त्यांच्या हातात होतं, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“काका, माफ करा. मी नाव न वाचताच...”

“नाव सोडलं तर बाकी माझंच आहे की,” ते म्हणाले. “बाईने काम चोख केलंय हो. फक्त तिला माणसं भेटली नाहीत, उशिरा पोचली. सगळं सरकारी कागदांवरून लिहावं लागलंय.”

“मग तुम्ही लिहा ना. बोलणं तर तुमच्याकडेच आहे.”

“मी अठ्ठ्याहत्तरचा. ती चाळिशीची. तिची दुसरी आवृत्ती निघेल.” त्यांनी तिला पत्र लिहिलं होतं, तिचं उत्तरही आलं होतं. एकतीस वह्या तिच्याकडे जायच्या होत्या.

आम्ही खोकं भरायला बसलो. शेवटच्या काही वह्यांत चिनी अक्षरांच्या कडेने बारीक मराठी अक्षर दिसलं. हिला सकाळी आठ, एक गोळी. आज पाणी फक्त अर्धा लिटर. पायाला सूज. माझा हात थांबलेला त्यांनी पाहिला.

“त्या बाईला कळवलंय,” काका म्हणाले, “समासातलं सोडून दे म्हणून.”

कुरियरच्या दुकानापर्यंत ते माझ्याबरोबर आले. पावती नीट घडी करून खिशात ठेवली. रिकामे हात कुठे ठेवावेत हे कळेना तेव्हा पाठीमागे बांधले, आणि चहाला चला म्हणाले. मी घाईचं काहीतरी कारण सांगून निघालो. कारण खोटं होतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती मला झाडेल अशी तयारी ठेवली होती. पण ती म्हणाली, “पाठवल्या ते बरंच केलं. पण अरे, उद्या सकाळी चहा झाला की ते काय घेऊन बसतील?”