पीएचपीतलं लॉगिन पायथॉनला कळेना

मंडळी, सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याची वेबसाइट उद्या सुरू व्हायची आहे. लॉगिनचं पान मी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलंय, अपॉइंटमेंटचं माझ्या सहकारी पल्लवीने पायथॉन या दुसऱ्या भाषेत.

आज सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. "अहो, एका पानावर नाव सांगितलं की दुसरं पुन्हा विचारतं. पेशंटने किती वेळा ओळख द्यायची?"

पीएचपीने सेशनमध्ये, म्हणजे त्या भेटीपुरत्या नोंदीत, ठेवलेली माहिती पायथॉनला वाचता येत नव्हती. शेजारी बसूनही आम्ही एकमेकांना विचारलं नव्हतं. शेवटी खुर्च्या जवळ ओढल्या. माहिती एकाच डेटाबेसात ठेवली, कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत, फक्त तिची खूण.

दुपारी दोन्ही पानं उघडून बघत बाई म्हणाल्या, "ओळखलं बरं का मला."

आता पल्लवी मला पायथॉन शिकवतेय आणि मनसोक्त हसतेय. तुम्ही सहकाऱ्याकडून काय शिकलात?