रडक्या मुलीच्या मागची लाल जाकिटवाली

चीनमधल्या शिआन शहरातल्या एका सलूनमधली सगळी पोरं डोंगरातल्या खेड्यांतून आलेली. पण आरशासमोर उभी राहिली की टोनी, केविन आणि जेसन. गिऱ्हाइकांची डोकी धुणारी च्यू लानफेन तिथं लिंडा होती. रोज सकाळी दुकानासमोरच्या फुटपाथवर रांगेत उभं राहून सगळे "आम्हीच अव्वल!" म्हणून बोंबलायचे आणि गाण्यावर हातपाय झाडायचे. मालकाला वाटे, यानं गिऱ्हाईक खेचलं जातं. खेचला गेला एक सिनेमावाला.

त्याला सगळे फेई मास्तर म्हणत, त्यानं कुणाला काही शिकवलेलं नसलं तरी. शहरात आलेल्या खेडवळ तरुणांवर त्याला अगदी खराखुरा सिनेमा काढायचा होता. लानफेनचा चेहरा त्याला 'सोसलेला' वाटला. खरं तर आदल्या दिवशी तिनं तिखट शेवया जरा जास्तच हाणल्या होत्या.

नायिकेची भूमिका मिळताच तिनं आईला फोन लावला. शेजारच्या दुआन काकूनं गावभर उठवलं होतं, की च्यूंची पोरगी शहरात लोकांचे पाय धुते.

"काकूला म्हणावं, आता मला पडद्यावरच बघ, डोळे फाडून!"

मग शूटिंगला ती गेली कशी? केविनकडून केस कुरळे करून, ओठ रंगवून, नवंकोरं लाल जाकीट घालून. नववर्षाला गावी जाताना सगळी पोरं नटतात, अगदी तश्शी.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं, तू गरीब मुलगी आहेस!"

"ते मला माहितीय मास्तर. गावाला कशाला सांगायचं?"

"बरं, हा फोन घे. पलीकडे आई आहे. रड."

"आईशी बोलताना? मी नुसतं नाक ओढलं तरी ती कोंबडी बगलेत मारून पुढच्या गाडीनं इथं हजर होईल!"

सगळे हसले, मास्तर सोडून. दुपारपर्यंत भूमिका गेली नाट्यशाळेतल्या एका मुलीकडे, जिला हव्या त्या डोळ्यातून पाणी काढता येई. लानफेनला काम उरलं मागून चालत जायचं. आता गावाला काय तोंड दाखवायचं? जाकीट मात्र तिनं काढलं नाही. मास्तर पुढचे अश्रू न्याहाळत होते. मागं लानफेन रेंगाळली, वळली, बट सारखी केली आणि झकास हसली.

नववर्षाला सिनेमा टीव्हीवर लागला, तेव्हा लानफेनच्या गावच्या घरात सगळी आळी जमली. दुआन काकू सूर्यफुलाच्या बिया फोडत टीव्हीला नाक लावून बसली होती. पुढची मुलगी रडायची थांबता थांबेना. आणि मागून लाल जाकीट आलं.

"दिसली!" आई ओरडली.

काकूच्या बिया थांबल्या. "जाकीट भारीतलं दिसतंय," ती नाइलाजानं म्हणाली.

आई वैतागून पडद्याजवळ सरकली. "ते झालं गं. पण ही रडकी कोण मेली मधेमधे येतेय? हिच्या आईनं हिला काही वळण लावलंय की नाही?"